मदत हवी आहे : म्हापसा–पणजी लाइट रेल (ट्रामसारखी हलकी रेल्वे), मांडवीच्या पुलावर रुंदी किती सोडायची?

रूळजोड : दोन ट्रॅकसाठी किती मीटर धरू? कोणी ७ म्हणतो, कोणी ९. सोमवारी आराखडा द्यायचाय, नेमका आकडा सांगा.

खाजन : कुठला पूल? मांडवीवर तीन आहेत. डबा किती रुंद, विजेचे खांब मधे की कडेला?

रूळजोड : अटल सेतू नाही, जुन्या दोनांपैकी एक. डबा २.६५ मीटर. बाकी नेहमीचंच.

खाजन : नेहमीचं असं काही नसतं. खांब कडेला असतील तर सरळ भागात ७ ते ७.५ मीटर. मधे असतील तर अर्धा-पाऊण मीटर वाढवा. वळणावर हा हिशोब चालत नाही, डब्याचं टोक बाहेर जातं आणि पोट आत येतं. पणजीतल्या पाटोकडे २५ मीटर त्रिज्येचं वळण घेणार असाल तर तिथला पट्टा वेगळा काढा.

सांतइनेज : रुंदी नंतर, आधी पूल पेलेल का ते बघा. पुलाच्या जोडावर रूळ सलग ठेवला तर उन्हात पूल वाढतो आणि रुळावर ताण येतो, म्हणून तिथे सरकता जोड लागतो. दुसरं, ७५० व्होल्ट डीसीचा करंट रुळांतूनच परततो. खाऱ्या हवेत, पावसात भिजलेल्या काँक्रिटमधून तो गळला की आतल्या लोखंडी सळया गंजवतो. रूळ रबरी आवरणात बसवा. १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळलाय, इथे गंजाला अजिबात सवलत नको.

डिचोलीकर : एवढा खटाटोप कशाला? कदंबच्या सरकारी बसना राखीव लेन द्या, काम झालं.

खाजन : डिचोलीकरबाब, लेन राखीव केली की मोटारींची जागा जातेच, बस असो की रेल. प्रश्न गर्दीचा आहे. ३० मीटरची गाडी साधारण २०० माणसं नेते, ५ मिनिटांना एक सोडली तर एका दिशेने तासाला २,४००. सकाळी नदीपलीकडच्या पर्वरीहून पणजीकडे त्याच्या निम्मेही येत नसतील तर बसच बरी. केंद्राचा निधी हवा असेल तर २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार पर्यायांची तुलना द्यावीच लागते. मोजणी झालीय का?

डिचोलीकर : आणि स्कूटरवाल्यांचं काय? रुळाच्या खाचेत चाक अडकून माणूस पडतो.

खाजन : हे बरोबर. स्कूटर रूळ ओलांडते तिथे कोन ९० अंशांच्या जवळ ठेवा, ६० च्या खाली नकोच. तिरका रूळ ओला असला की चाक घसरतंच.

हिरवीवाट : मोपा विमानतळापर्यंत फाटा आत्ताच धरून ठेवा.

सांतइनेज : मोपा राहू दे, डेपो कुठे? १३ किमी, थांब्यांसह ताशी २० किमी, म्हणजे ३९ मिनिटं. दोन्ही टोकांना ६–६ मिनिटं मिळवली की फेरी ९० मिनिटांची. ६ मिनिटांना एक सोडायची तर १५ गाड्या, दुरुस्तीला २ जादा. उभ्या करायलाच ५१० मीटर रूळ, वर कार्यशाळा. खाजनात (खाडीकाठच्या सखल खाऱ्या जमिनीत) भराव घालू नका, पर्वरीच्या पठारावर जागा बघा. चढ मात्र ६ टक्क्यांच्या आत हवा आणि चाकं घसरू नयेत म्हणून गाडीला रुळावर वाळू टाकायची सोय हवी.

रूळजोड : डेपो धरलाच नव्हता. मोजणीही फक्त मोटारींची आहे, बसमधल्या माणसांची नाही. खांब कडेला घेऊन ७.५ धरतो. पुलाच्या जोडांचे नकाशे कुणाकडे मागायचे?