मदत हवी आहे : निकाल पाहून गृहीतक बदलणाऱ्या मुलांना कसे समजवावे?

नमस्कार. मी दादरला आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. निरीक्षण, प्रश्न, गृहीतक (प्रयोगाआधी मांडलेला अंदाज), प्रयोग, निष्कर्ष हा क्रम सगळ्यांना तोंडपाठ आहे; अडचण पुढेच येते. मटकीला अंधारात मोड लवकर येतात, असे गृहीतक मांडून एका गटाने भिजवलेल्या मटकीची एक पुरचुंडी कपाटात आणि दुसरी खिडकीत ठेवली, पण खिडकीतले फडके उन्हाने वाळले, म्हणजे प्रकाशाबरोबर ओलावाही बदलला. शिवाय निकाल पाहून मुलांनी वहीतले गृहीतकच खोडून नवे लिहिले (अक्षर मात्र सुवाच्य!). उघड्या बरणीतल्या मांसात अळ्या आणि झाकलेल्या बरणीत नाहीत, हा इटालियन शास्त्रज्ञ फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सांगूनही एका वेळी एकच घटक बदलावा, हे त्यांच्या गळी उतरत नाही. गृहीतक चुकले तरी प्रयोग फुकट जात नाही, हे दाखवणारा, एका तासिकेत आटोपणारा प्रयोग कोणी करून घेतला असल्यास कृपया साहित्यासह कळवावा.