सौदा माझ्यामार्फत झाला, तरी कमिशन नाकारले आहे (मदत हवी आहे)

धावपळ_करणारा:
एका कारखानदाराने आपले जुने पॅकिंग यंत्र विकून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले होते. गिऱ्हाईक मी आणले, यंत्र चालवून दाखवले आणि भावाची पहिली बोलणीही माझ्यासमोरच झाली. पैसे पोहोचल्यावर मात्र ‘पुढच्या महिन्यात बघू’ सुरू झाले आणि आता ते सांगतात की, शेवटची बोलणी आम्ही थेट केली, तेव्हा कमिशनचा प्रश्नच येत नाही. कायद्याने माझा हक्क बसतो की नाही, एवढेच कृपया लवकर सांगावे.

कलमवाचक:
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. टक्केवारी लेखी ठरली होती का? सौदा कधी पूर्ण झाला? भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 186 नुसार एजंटाचा अधिकार तोंडी किंवा वागणुकीवरूनही सिद्ध होऊ शकतो, त्यामुळे करारपत्र नाही म्हणून हक्क बुडत नाही. मात्र कलम 219 प्रमाणे, वेगळे ठरलेले नसेल तर, सोपवलेले काम पूर्ण झाल्यावरच मोबदला देय होतो. म्हणून सौदा तुमच्या प्रयत्नांमुळे जुळला, हे तुम्हाला दाखवावे लागेल.

जुना_अडत्या:
माझा अनुभव असा की, टक्केवारी कागदावर आल्याशिवाय गिऱ्हाइकाचे नावसुद्धा उच्चारू नये. तुमच्याकडे त्यांचे काही अडकले असेल, तर ते मुळीच सोडू नका.

धावपळ_करणारा:
करारपत्र नाही. ‘पार्टी आणा, दोन टक्के तुमचे’ असा त्यांचा व्हॉट्सॲप संदेश आहे. यंत्राच्या मूळ खरेदीची बिले त्यांनी गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी दिली होती, ती अजून माझ्या फाइलमध्ये आहेत आणि ते ती सारखी परत मागत आहेत.

नोंदणी_आधी:
आपली रेराकडे नोंदणी आहे का? 2016 च्या कायद्यानुसार स्थावर मालमत्तेच्या एजंटांना ती करावी लागते.

कलमवाचक:
येथे विषय यंत्राचा आहे, घराचा नाही. अडत्यांचा सल्ला मात्र अर्धाच बरोबर आहे. कलम 221 प्रमाणे मालकाकडून मिळालेला माल किंवा कागदपत्रे एजंट अडवून ठेवू शकतो, पण ती त्याच कामाच्या येण्यापोटी, आणि विरुद्ध काही ठरलेले नसेल तरच. अडवून ठेवता येते याचा अर्थ विकून वसुली करता येते, असा होत नाही.

जुना_अडत्या:
मी विकण्याचे बोललो नव्हतो. तगाद्याने जे होत नाही, ते अडवून ठेवलेल्या एका कागदाने होते, हे मी स्वतः पाहिले आहे.

हिशेबनीस:
मला दुसरीच शंका आहे. कलम 213 प्रमाणे एजंटाला मागितल्यावर हिशेब द्यावाच लागतो. तुम्ही गिऱ्हाइकाकडूनही काही घेतले होते का?

धावपळ_करणारा:
गिऱ्हाइकाने धावपळीबद्दल थोडी रक्कम आपणहून दिली होती. तिचा येथे काय संबंध? विक्रेत्यांना सांगण्याचे कारण मला वाटले नाही.

हिशेबनीस:
संबंध आहे, आणि तोच तुमच्या दाव्याचा सर्वांत कच्चा दुवा आहे. विक्रेत्याला अंधारात ठेवून समोरच्या पक्षाकडून घेतलेली रक्कम गैरवर्तन ठरली, तर कलम 220 प्रमाणे कामाच्या त्या भागाचा मोबदलाच जाऊ शकतो. त्यांच्या वकिलाने हे उकरून काढण्याआधी तुम्हीच ती रक्कम हिशेबात दाखवून पत्र पाठवा. व्हॉट्सॲप संदेश मूळ फोनवरून पुसू नका, कारण तो न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र जोडावे लागेल.

कलमवाचक:
सौदा कधी पूर्ण झाला, हे मी पहिल्याच उत्तरात विचारले होते.

धावपळ_करणारा:
तारीख महत्त्वाची वाटली नाही. यंत्र उचलून नेले, त्याला दोन वर्षे दहा महिने झाले.

कलमवाचक:
तर मग येथे वाट पाहू नका, याच आठवड्यात वकिलाला भेटा. मुदतीचा कायदा, 1963 नुसार अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात. नुसती नोटीस पाठवून ती वाढत नाहीत आणि फोनवरचे ‘बघू’ही उपयोगी नाही. मुदत संपण्याआधी विक्रेत्याच्या सहीने येणे कबूल करून घ्या, नाहीतर दावा दाखल करा.

धावपळ_करणारा:
उद्या सकाळची वेळ घेतली आहे. गिऱ्हाइकाने दिलेल्या रकमेचा हिशेब आणि बिलांची फाइल सोबत नेत आहे.