जर्मनीला सीव्ही पाठवायलो, साठ झाले, धड उत्तर नाही. काय चुकायलंय?

मानवतचा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी मूळचा परभणी जिल्ह्यातला, २०१५ चा मेकॅनिकल बीई, २०१७ पासून औरंगाबादजवळच्या वाळूजला ऑटो पार्टच्या कंपनीत क्वालिटीत आहे. जर्मन भाषेची बी-वन (मधली) पातळी पास झालोय. दोन महिने झाले, ड्युटीवरून आलं की जेवण करून रात्री अकरा-बारापर्यंत तिकडच्या कंपन्यांना सीव्ही पाठवत बसायलो, साठच्या वर झाले असतील, चार ठिकाणचा नकार आला अन् बाकीच्यांचं हू नाही की चू नाही.

सीव्ही चार पानांचा आहे. कॉलेजात प्लेसमेंटच्या वेळी जो फॉरमॅट दिला होता तोच वाढवत आणलाय, म्हणजे वर ऑब्जेक्टिव्ह, मग दहावी-बारावीचे टक्के, शेवटी वडलांचं नाव, धर्म, लग्न, छंद अन् खाली 'वरील माहिती खरी आहे' असं डिक्लरेशन. शिवाय डिग्रीवर औरंगाबाद आहे, कंपनीच्या नव्या लेटरवर छत्रपती संभाजीनगर. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी. हे समोरच्याला कसं कळावं?

एक एजंट भेटला, पंचेचाळीस हजार मागायला सीव्ही 'जर्मन करून' द्यायचे, अन् वर म्हणला तुझी मधली दोन वर्षं रिकामी दिसायलीत, तिथं एका कंपनीचं लेटर लावून देतो. मला हे पटेना म्हणून इथं विचारायलो. कुणी तिकडं असेल तर मनापासून सांगा.

लातूरकर_श्टुटगार्ट

भाऊ, पहिलं म्हणजे त्या एजंटचा नंबर ब्लॉक कर. खोटं लेटर लावू नको, इकडं व्हिसाच्या वेळी, जॉइनिंगच्या वेळी कागद तपासतात अन् एकदा खोटं सापडलं की आठ वर्षांची खरी मेहनतबी कुणी मानत नाही.

मी २०१९ पासून इकडं आहे, आमच्या टीममधे माणूस घ्यायचा असला की अर्ज माझ्याकडंबी येतात, त्यामुळं वाचणारा काय बघतो ते सांगतो. चार पानांचे दोन कर. ऑब्जेक्टिव्ह, धर्म, वडलांचं नाव, डिक्लरेशन काढून टाक. दहावीचे टक्केबी काढ, इकडं कुणाला कळत नाहीत. सगळ्यात वर आत्ताची नोकरी, मग मागं मागं जायचं, डाव्या बाजूला महिना अन् वर्ष, उजवीकडं काम. फोटो कंपलसरी नाही, २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर कंपन्या तो सहसा मागत नाहीत, पण लोक अजून लावतात, तू साधा लावलास तरी चालतं.

आता मुख्य. तू अनुभवात काय लिहिलंस ते इथं टाक बरं, जसंच्या तसं.

मानवतचा_मेकॅनिकल

दादा असं आहे: 'इनकमिंग, इनप्रोसेस व फायनल इन्स्पेक्शनची जबाबदारी, कस्टमर कम्प्लेंट हाताळणे, आयएटीएफ ऑडिटला मदत, टीमवर्क.' आयएटीएफ म्हणजे ऑटो कंपन्यांचं क्वालिटी स्टँडर्ड.

लातूरकर_श्टुटगार्ट

हेच चुकायलंय बघ. हे वाळूजमधल्या हजार पोरांच्या सीव्हीत आहे. वाळूजच्या एचआरला तुझी कंपनी माहीत असते म्हणून तिथं भागतं, इकडच्या माणसाला वाळूज कुठं आहे तेच माहीत नाही, तर त्याला तू काय करतोस ते दिसलं पाहिजे. कोणता पार्ट? कशावर मोजतोस? टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती? तुझ्यामुळं काय सुधरलं?

मानवतचा_मेकॅनिकल

ब्रेक कॅलिपरचं हाउसिंग आहे दादा. सीएमएमवर (मापं घ्यायच्या मशीनवर) मोजतो, बोअरला वीस मायक्रॉनची टॉलरन्स. मागल्या वर्षी बोअर ओव्हल यायला लागला, रिजेक्शन तीन टक्क्यांच्या वर गेलं होतं. सगळे टूलवर ढकलायले होते. मी तीन शिफ्टचा डेटा काढला तर एकाच फिक्श्चरचे (पीस पकडून ठेवायच्या साधनाचे) पीस खराब निघायले. क्लॅम्पचं पॅड झिजलं होतं अन् प्रेशर जास्त ठेवल्यानं पीस पकडतानाच दबायचा, सोडला की बोअर ओव्हल. पॅड बदललं, प्रेशर कमी केलं, आता एक टक्का आहे. पण हे सीव्हीत लिहायचं असतं का?

लातूरकर_श्टुटगार्ट

अरे हेच तर लिहायचं असतं! हे वाचलं की समोरचा क्वालिटीवाला तुला फोन करणार, कारण त्याच्या शॉपफ्लोअरवरबी हेच होतं. तीन ओळींत बसव: प्रॉब्लेम, तू काय शोधलंस, आकडा कितीवरून कितीवर आला. 'टीमवर्क' काढ. एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ शोधायचा), पीपॅप (पार्टच्या मंजुरीचे कागद), एमएसए (मोजमापाची खात्री) जे स्वतः केलंस तेवढं लिही. व्हीडीए ६.३ चं (प्रोसेस ऑडिटचं) ट्रेनिंग झालं असेल तर ते वर घे, ते इकडचंच स्टँडर्ड आहे. भाषेच्या पुढं बी-वन अन् सर्टिफिकेटची तारीख.

अन् अनाबिनच्या साइटवर, म्हणजे परदेशी डिग्र्या इकडं कितपत मानतात ते दाखवणाऱ्या जर्मन यादीत, तुझं विद्यापीठ अन् डिग्री दोन्ही बघून घे. दोन्हींचा मेळ बसला तर त्याची प्रिंट सोबत जोड. डिग्री पूर्ण मान्य धरली तर संधी कार्डाला (इकडं येऊन नोकरी शोधायच्या परवान्याला) पॉइंट मोजायची गरजच पडत नाही, नाहीतर सहा पॉइंट लागतात, त्यात बी-वनचे दोन, पस्तिशीच्या आतल्या वयाचे दोन अन् मागल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असला की तीन.

नांदेडची_सिस्टर

नावाचं मी सांगते, मी नर्सिंगवरून आले तेव्हा याच्यातच माझे दोन महिने गेले. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव सगळीकडं लिहायचं, सीव्ही, ईमेल, फाइलचं नाव, सगळीकडं. गावाचंबी तसंच, 'औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर)' असं एकदा लिहून टाका, नाहीतर त्यांना वाटतं दोन वेगळ्या शहरांत कामं केली. माझ्या मैत्रिणीचं उस्मानाबाद-धाराशिवचं असंच झालं होतं, बिचारीला वेगळं पत्र लिहून द्यावं लागलं.

अजून एक दादा, आपल्याकडं रिलीव्हिंग लेटरवर नुसत्या तारखा असतात. इकडं कामाचा दाखला म्हणजे तुम्ही काय काय केलं अन् कसं केलं ते दोन परिच्छेदांत लिहिलेलं असतं. आत्ताच्या साहेबांना प्रेमानं विचारून तसं लेटर घ्या, सोडून गेल्यावर कुणी देत नाही.

टोरंटोवाला_जालना

कुणी कॅनडासाठी हे वाचत असेल तर एक लक्षात ठेवा, इकडं उलटं आहे. फोटो नको, जन्मतारीख नको, लग्नाचं नको. जर्मनीचा सीव्ही तसाच इकडं पाठवू नका.

मानवतचा_मेकॅनिकल

सगळ्यांचे लई आभार. आता ती दोन वर्षं. खरं सांगतो, २०१५ ला पास झालो अन् त्याच वर्षी पाऊस गेला. आमची तीन एकर मोसंबी, बोअर आटला, वडलांची तब्येत बिघडली, धाकटी बहीण बारावीला. मी घरीच थांबलो. टँकरनं पाणी आणून रात्री ठिबकनं थोडं थोडं सोडायचो, अर्धी बाग वाचली. आजवर प्रत्येक इंटरव्ह्यूत हे लपवलं, लाज वाटायची.

लातूरकर_श्टुटगार्ट

लाज कशाची भाऊ. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली तेव्हा मी गावातच होतो, ते दिवस मी बघितलेत. इकडं रिकामी जागा दिसली की विचारतात, पण खरं कारण सांगितलं की विषय संपतो. असं लिही: 'जुलै २०१५ ते मे २०१७, कौटुंबिक शेतीचं व्यवस्थापन, परभणी जिल्हा. दुष्काळात तीन एकर फळबागेचं पाणी-नियोजन अन् ठिबकची देखभाल.' महिने तुझे तू बरोबर टाक. इंटरव्ह्यूत विचारलं तर आत्ता इथं सांगितलंस तसंच सांग, बी-वनमधे सांगता येईल एवढं सोपं आहे.

मानवतचा_मेकॅनिकल

लिहिलं दादा. दोन पानांत बसलं. कॅलिपरच्या तीन ओळी अगदी वर घेतल्या. खाली सही लागते का?

लातूरकर_श्टुटगार्ट

सक्ती नाही, पण गाव, तारीख अन् सही टाकायची इकडं जुनी पद्धत आहे, टाक. सीव्ही, सर्टिफिकेटं, लेटर सगळं एकाच पीडीएफमधे कर. उद्या मला मेसेजमधे पाठव, जर्मनमधली वाक्यं मी बघून देतो.