गुलमर्ग : हिमवृष्टीनंतर दोन दिवस थांबणे पुरेसे आहे का?

प्रश्न :
फेब्रुवारीत आम्ही चौघे पुण्याहून गुलमर्गला स्की टूरिंगसाठी जाणार असून, अफरवट शिखराकडे नेणाऱ्या गंडोलाने (रोपवेने) वर जाऊन सुरक्षा-गस्तीच्या हद्दीबाहेरील उतारांवरून खाली येण्याचा विचार आहे. मोठ्या हिमवृष्टीनंतर दोन दिवस लख्ख ऊन पडले की हिमस्खलनाचा धोका टळतो, असे ऐकले आहे. यंदा जानेवारी जवळपास कोरडा गेला आहे. तरीही हा आडाखा चालेल का?

प्रतिसाद १ :
ताज्या हिमापुरता चालेल, कारण ते स्वतःच्या भाराने दबून बसते. ग्यानबाची मेख आहे ती कोरड्या जानेवारीत. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या आसपास राहते, पृष्ठभाग मात्र रात्री कमालीचा थंड होतो. थर पातळ असला की हा सगळा फरक थोड्याच जाडीत पडतो, आणि तो दर १० सेंटीमीटरला साधारण १ अंशाहून अधिक झाला की खालच्या कणांचे एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे दाणे बनतात. त्यांच्यावर पुढच्या वादळातील हिमाची घट्ट, सलग लादी बसली, तर तो पाया आठवडेच्या आठवडे कच्चा राहू शकतो. २०२४ मध्येही काश्मीरचा जानेवारी कोरडा गेला, मग जोरदार हिमवृष्टी झाली आणि २२ फेब्रुवारीला गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग भागातील हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. मला हा क्रम बोलका वाटतो. लादी बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. त्यामुळे यंदा मी ३० अंशांच्या आतील आणि डोक्यावर तीव्र उतार नसलेलीच वाट धरीन.

प्रतिसाद २ :
चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहावा, पण तो विस्तृत प्रदेशासाठी असतो, तुमच्या घळीसाठी नव्हे. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ-यंत्र), प्रोब (हिमात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे हवे. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो, सोडवायचे ते सोबत्यांनीच. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडावा. सह्याद्रीत घोळक्याने चालण्याची आपली सवय तिथे मोडावी लागते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. खड्डा खणून थर तपासले आणि ते पक्के निघाले, तर अधिक तीव्र उतारावर जाता येईल का?

प्रतिसाद १ :
खड्डा केवळ त्या जागेपुरते सांगतो. वारा हिमाची जाडी वीस पावलांवर बदलून टाकतो, आणि लादी अनेकदा जिथे ती पातळ असते तिथेच माणसाच्या भाराने तुटते. खड्ड्यात कच्चा थर दिसला किंवा चालताना पायाखाली ‘धप्प’ असा आवाज झाला, तर माघारी फिरावे. पक्का थर दिसला म्हणून आधी ठरवलेली वाट सोडू नये.