शनिवारी काँक्रीट पडतंय, कारपोर्टचे खड्डे केवढे?

मंडळी,
कारपोर्ट, म्हणजे गाडीसाठी चार खांबांवरचं उघडं छत, 6 बाय 6 मीटर. त्यावर सोलर पॅनलं आत्ता नाहीत, दोन-तीन वर्षांनी. कंत्राटदार म्हणतो 30 बाय 30 चे, 45 सेंटिमीटर खोल खड्डे पुरे, पॅनलं हलकीच असतात. ह्यांना पटलंय, मला नाही. काका, लवकर सांगा.
– ग्रंथालयवाली

ताई,
वजनाचं कंत्राटदार बरोबर बोलला. पॅनलं ज्यावर बसतात त्या रेल (पट्ट्या) धरून चौरस मीटरला 15 किलो, सगळं छत भरलं तरी साडेपाचशेच्या आत. भानगड वाऱ्याची आहे. भिंती नाहीत, वारा खालून शिरतो आणि छत उचलतो. ताशी 144 किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 100 किलो, तुमचं छत 36 चौरस मीटर. म्हणजे साडेतीन टनांची ओढ, तीही वर! त्याच्या एका खड्ड्यात शंभर किलोही काँक्रीट मावत नाही. 60 बाय 60, मीटरभर खोल केलात तर एकेकात साडेआठशे मावेल, चार मिळून जवळपास त्या ओढीएवढं.
– काका

काका, वारा पॅनल नसतानाही तेवढाच ना? आणि मातीची पकड हिशेबात धरलीच नाहीत.
– खजिनदार

धरली नाही, कारण माती कुठली ते मला माहीत नाही. वाऱ्याचं म्हणाल तर हो, पॅनलं छताच्या पत्र्याला समांतर बसवली तर फारसा फरक नाही. तिरकी उभी केलीत तर ओढ वाढते. म्हणून म्हणतो, उतार पत्र्यालाच द्या, निदान 10 अंश, म्हणजे पावसात धुऊनही निघतील. आणि पॅनलचा भार नकाशात आत्ताच दाखवून इंजिनिअरचा शिक्का घ्या. पैशांचं तुम्ही बघा, स्ट्रक्चरचं मी बघतो.
– काका

सहलीचा तंबू आठवतोय ना? खुंट्या "पुरेशा" होत्या. शेवटी कुंपणापलीकडून आणला. कोणी ठोकल्या होत्या ते लिहीत नाही.
– नाटकवाला

ही मेलिंग यादी मंडळाच्या कामासाठी आहे. तंबूचा विषय कार्यकारिणीत संपला.
– सेक्रेटरी

वायरिंगचं कोणी बोललंच नाही! फरशी ओतायच्या आधी घराच्या बोर्डापर्यंत 50 मिमीचा रिकामा पाइप पुरा, आत दोरी ओवून ठेवा, वळणं मोठ्या गोलाईची. मी ठेवला नव्हता. नंतर अख्खा रस्ता फोडला, बायको अजून ऐकवते. पॉलिकार्बोनेटचं छत नको, त्यावर पॅनल बसत नाहीत. उभ्या शिवणीचा पत्रा घ्या, क्लॅम्प शिवणीला धरतात, भोक पाडावं लागत नाही. आणि दुपारी झाडाची सावली कुठे पडते ते बघितलंत का? एका पॅनलवर पडली तरी अख्खी ओळ मंदावू शकते.
– ध्वनिव्यवस्था

झाड शेजाऱ्यांचं आहे, त्यांना कसं सांगू? असो. इंजिनिअरना फोन केला, ते सोमवारी येताहेत, काँक्रीटच्या गाडीची तारीख पुढे ढकलली. कंत्राटदार फुगलाय. पाइप आणायला हे गेलेत. आता चार खड्डे मोठे करायला कोण येतंय?
– ग्रंथालयवाली

मी येतो, पण तंबू अजून माझ्याच गॅरेजात पडलाय. कारपोर्ट झाला की तुमच्याकडे हलवणार.
– नाटकवाला