‘समस्थानिक’मधलं स्थान कुठलं?

प्रश्न:
मी कोल्हापुरात राजारामपुरीत शाळेतल्या मुलांना विज्ञान शिकवते. परवा समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचा (आयसोटोप) भाग सुरू केला, तर कागलहून येणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, स्थानिक म्हणजे तिथलंच ना? मग ही सगळी एकाच खाणीत सापडतात काय?” तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला. स्थानिक बातम्या, स्थानिक स्वराज्य संस्था, हेच आपण रोज वाचतो. जाणकारांनी सांगावं, हे स्थान नेमकं कशातलं? आणि प्रोटॉनांची संख्या सारखी असते एवढंच सांगायचं, तर शब्दात प्रोटॉन का नाही?

प्रतिसाद:
शब्द चुकीच्या जागी तुटतोय. ‘सम + स्थानिक’ नव्हे, ‘समस्थान + इक’. ज्यांचं स्थान एक, ते. हे स्थान म्हणजे आवर्तसारणीतली चौकट. क्लोरीनच्या काही अणूंच्या केंद्रकात १८ न्यूट्रॉन असतात, काहींच्या २०. म्हणून अणुवस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) ३५ आणि ३७. प्रोटॉन मात्र दोन्हीकडे १७च, त्यामुळे चौकट एकच. निसर्गात ही दोन्ही साधारण तीनास एक प्रमाणात असतात, म्हणून सारणीत सरासरी ३५.५ दिसतं. तो अर्धा कुठून आला हे मुलांना जरूर सांगा, नाहीतर ती अर्धा न्यूट्रॉन शोधत बसतात.

आता शब्दात प्रोटॉन का नाही ते. फ्रेडरिक सॉडी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी ‘आयसोटोप’ हा शब्द १९१३ साली वापरला. सुचवला होता मार्गारेट टॉड या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी: ग्रीकमध्ये ‘आयसोस’ म्हणजे समान, ‘टोपोस’ म्हणजे जागा. प्रोटॉनला तेव्हा ते नावही मिळालं नव्हतं, आणि न्यूट्रॉन सापडायला १९३२ उजाडलं. हाती होतं ते एवढंच, की थोरियम आणि त्या काळी आयोनियम म्हणत ते द्रव्य एकदा मिसळलं की कुठल्याही रासायनिक क्रियेनं वेगळं होत नाही. वागणं एक, म्हणून जागा एक. आतलं कारण कळण्याआधी पडलेलं नाव आहे हे, आणि तरी ते खरं ठरलं. मराठीनं त्याचं ‘समस्थानिक’ केलं, ते मला फार नेमकं वाटतं.

प्रतिसाद:
लिंगाबद्दल: ‘तीन समस्थानिक’ आणि ‘तीन समस्थानिके’ दोन्ही वाचनात येतं. वर्गात पाठ्यपुस्तकातलं ‘समस्थानिके’ धरा. उदाहरणाला आपला पत्ताच घ्या. ई वॉर्डात एका घर नंबरावर दोन भाऊ राहतात, वजनं वेगळी. घर नंबर प्रोटॉन ठरवतात. न्यूट्रॉननं फक्त वजन वाढतं.

प्रश्नकर्ती:
पत्त्याचं उदाहरण आज सांगितलं. तीच मुलगी म्हणाली, “मग घर बदलता येतं काय?” मी फळ्यावर कार्बन-१४ लिहिला. ६ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन. त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, आणि अणू सातव्या चौकटीत जातो: नायट्रोजन-१४. वजन तेच, घर दुसरं. अशा जोडीला समभारिक म्हणतात हे सांगितल्यावर मागून एकानं विचारलं, ते भूगोलातल्या समभार रेषांसारखं का? तिथला भार हवेच्या दाबाचा, इथला अणुवस्तुमानांकाचा. उद्या तिथूनच पुढं.