बर्बन गोड का लागते? साखर घालतात का?

शंकासुर:
मी स्कॉचवाला. मेव्हण्याने शिकागोहून बर्बन (अमेरिकन व्हिस्की) आणली. पहिल्याच घोटाला व्हॅनिला, कॅरॅमल! ग्रुपवर एकजण म्हणतो साखर न् रंग घालतात, दुसरा म्हणतो मक्याची असते म्हणून गोड. खरं काय? बाटलीवर 'स्ट्रेट' लिहिलंय, पण वय नाही. कोवळा माल आहे का?

ओहायोकाठचा:
मी केंटकीत, लुईव्हिलला राहतो. घरी पाहुणे आले की डिस्टिलरी दाखवणं ओघाने आलंच, त्यामुळे हे सगळं पाठ झालंय.

दोघांनाही सांगा, तसं नाही. बर्बनमध्ये पाण्याखेरीज काहीही घालायला कायद्याने बंदी आहे. (कॅरॅमल रंग चालतो तो तुमच्या स्कॉचमध्ये!) मका किमान 51 टक्के लागतो, पण त्याची साखर यीस्ट फस्त करतं. पिंपात भरण्याआधीची दारू इथे 'व्हाइट डॉग' म्हणून चाखायला देतात. एकदम नितळ, नाकाला उकडलेल्या कणसाचा वास, जिभेला चटका. व्हॅनिलाचा पत्ता नाही.

करामत सगळी लाकडाची. ओकचं कोरं पिंप आतून कोळसा होईस्तोवर पेटवतात, त्यामागचं लाकूड भाजून निघतं. एका ठिकाणी पिंपाची फळी आडवी कापून ठेवली होती. आतल्या बाजूला काळा थर, बाहेर कोरं लाकूड, आणि मध्ये तांबूस रेघ. दारू तिथवर मुरलेली. उन्हाळ्यात ती लाकडात शिरते, थंडीत बाहेर येते. गोदामं सात-सात मजली, बहुतेक ठिकाणी एसी-बिसी नाही. जुलैत वरच्या मजल्यावर नागपूरकरालाही घाम फुटेल. तिथे दारूपेक्षा पाणी जास्त उडतं, म्हणून पिंपातला माल वर्षागणिक कडक होत जातो. स्कॉटलंडच्या थंडीत उलटं होतं. तेव्हा स्कॉचच्या वयाची पट्टी इथे लावू नका. पंधरा वर्षांपुढची बर्बन मला तरी फळी चावल्यासारखी लागते.

'स्ट्रेट' असून वय छापलेलं नाही म्हणजे किमान 4 वर्षांची, निर्धास्त प्या. 'बॉटल्ड इन बाँड' मिळाली तर सोडू नका. भेसळीला आळा घालायला 1897 साली कायदा झाला, तेव्हापासूनची ही खूण: एकच डिस्टिलरी, एकच हंगाम, किमान 4 वर्षं, 50 टक्के अल्कोहोल.

वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, नाहीतर नुसता स्पिरिटचा भपकारा येतो. पहिला घोट नुसता, काही न मिसळता, मग दोन थेंब पाणी. बर्फ नंतर.

चखणेबहाद्दर:
आणि पिंप जाळायची युक्ती एलायजा क्रेग नावाच्या पाद्र्याची, ती गोष्ट?

ओहायोकाठचा:
पुरावा काही नाही हो. बाटली खपवायला बरी. त्यापेक्षा स्कॉटलंडहून आलेल्या जेम्स क्रोबद्दल वाचा. आधीच्या घाण्यातला आंबट निवळ पुढच्यात घालायची 'सावर मॅश' पद्धत त्याने मोजूनमापून बसवली.

मांडवीकर:
दर वेळी कोरं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं बाहेर विकतात. बरीचशी स्कॉटलंडला जातात, काही आमच्या गोव्यात पॉल जॉन या व्हिस्कीवाल्यांकडे येतात. शंकासुर, तुमच्या स्कॉचमधला व्हॅनिलाही बहुधा केंटकीचाच!